मदत हवी आहे : स्कूबासाठी स्वतःचे फिन्स घ्यायचेत, कुठले घेऊ?

नमस्कार मंडळी,

स्कूबासाठी स्वतःचे फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) घ्यायचं पक्कं केलंय, पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय. म्हणून प्रत्यक्ष पाण्यात उतरणाऱ्यांना विचारते.

आधी माझी माहिती देते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. वय पंचेचाळिशीच्या आसपास, राहायला पुण्यात. पोहायला लहानपणी टिळक तलावावर शिकले, त्यामुळे ब्रेस्टस्ट्रोक अंगात मुरलेला. ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) केला, म्हणजे सध्या मर्यादा १८ मीटर. पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स करायचाय. या मोसमात नवऱ्याबरोबर आधी नेत्राणी (कर्नाटकातलं बेट) आणि मग पुन्हा अंदमान असा बेत आहे. दोन्हीकडे पाणी कोमट, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो.

अडचण पायांची आहे. बूट ३७ नंबरचा, पण चवडा रुंद आणि टाच अरुंद. भाड्याचे फुल-फूट (टाचेसकट अख्खा पाय आत जाणारे) फिन्स चवड्यात नीट बसले की टाच मागे वरखाली घासते, आणि लहान नंबर घेतला की बोटं दुमडतात. मागच्या वेळी प्रवाहाविरुद्ध जरा जोरात पाय मारले आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की तिथेच थांबून, फिनचं टोक धरून पाय ताणावा लागला. इन्स्ट्रक्टर शेजारी होता, त्यामुळे भीती वाटली नाही. पण नंतर सगळा वेळ लक्ष पोटरीतच अडकलं. समोरून कासव गेलं, ते वर आल्यावर नवऱ्याकडून कळलं.

तर फुल-फूटच नीट मापाचे शोधू, की निओप्रीनचे (सूटच्या रबराचे) बूट घालून वापरायचे ओपन-हील, म्हणजे मागे टाचेला फक्त पट्टा असलेले, घेऊ? स्प्लिट फिन्समुळे पोटऱ्यांना आराम मिळतो म्हणतात, ते खरं का? आणि ते काळे जड रबरी जेट फिन्स माझ्यासारखीला झेपतील का? उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तेही लक्षात घ्या. बजेट बूट धरून पंधरा हजारांच्या आत. विमानातून न्यायचे आहेत.

प्रतिसाद

ताई, मी काही मोसम अंदमानात डाइव्हमास्टर (डाइव्हरना पाण्याखाली घेऊन जाणारा मार्गदर्शक) होतो. रोज सकाळी बोटीवर लोकांच्या पायात फिन्स चढवून द्यायचे, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावतो.

तुम्ही विचारताय पात्याबद्दल, पण दुखणं आहे फूट पॉकेटमध्ये, म्हणजे पाय घालायच्या कप्प्यात. टाच सुटत असली की आपण नकळत बोटं आकसून फिन धरून ठेवतो. पाऊण तास तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू त्याच कामाला जुंपलेले. वर प्रवाह आला की गोळा येणारच. अशा पायाला जगातलं कुठलंही पातं लावा, त्रास तोच.

रुंद चवडा आणि अरुंद टाच असेल तर माझं मत सरळ ओपन-हील. त्यात टाच स्ट्रॅपने धरलेली असते आणि मधली पोकळी बूट भरून काढतो. फुल-फूटमध्ये अशा पायाला जागाच नसते. त्यांचे नंबर दोन-दोनच्या जोडीत येतात, त्यातही रबराचा साचा अरुंद पायाचा असला की खेळ संपला. निओप्रीनचे मोजे घालून काही जणांचं निभावतं, पण पैसे खर्च करणारच आहात तर निभावून कशाला न्यायचं?

आता क्रम महत्त्वाचा. आधी बूट घ्या, मग फिन्स. ओपन-हीलची मापं तीन-चारच असतात, एकेका मापात बुटांचे तीन-तीन नंबर कोंबलेले. त्यामुळे तुमचा पाय ३७ चा आहे यापेक्षा बुटासकट तो केवढा होतो, यावर माप ठरतं. ३ मिलिमीटरचा बूट आणि ५ मिलिमीटरचा बूट यांत एका मापाचा फरक पडू शकतो. जाड, कडक तळव्याच्या बुटाने तर आणखी. तुम्हाला ३ मिलिमीटर पुरेल, पण तळवा कडक बघा. हॅवलॉकला नेमो रीफसारख्या ठिकाणी किनाऱ्यावरूनच पाण्यात चालत जातात. तिथे मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळिंदर (काटेरी सी अर्चिन) पायाखाली आले की त्या तळव्याची किंमत कळते.

दुकानात बूट ओला करून घाला, देत असतील तर. फिन चढवा, पण स्ट्रॅप टाचेवर घेऊ नका. नुसता पाय आत सारून खुर्चीत बसा, पाय उचला आणि हलवा. स्ट्रॅपशिवायही फिन क्षणभर तरी पायावर टिकायला हवा. लगेच गळून पडला तर पॉकेट सैल आहे. स्ट्रॅप करकचून आवळणं हा त्यावर इलाज नाही, त्याने बूट मागून चेपतो आणि बोटं पुढे जाऊन आदळतात. उलट पाय आत जाताना चवड्याच्या दोन्ही बाजूंना कळ येत असेल तर मोठं माप घ्या. पाण्याखाली बूट थोडा दबतो, पण हाड दबत नाही.

पातं मध्यम कडक घ्या. मारेसचे अवांती क्वाट्रो किंवा क्रेसीचे फ्रॉग प्लस हे जुने, सगळीकडे चालणारे प्रकार आहेत. दोन्ही फ्रॉग किकला (बेडकासारखे पाय मारायला) चांगले आणि तुमचा ब्रेस्टस्ट्रोक तिथे कामी येईल. फ्लटर किकमध्ये (पाय आळीपाळीने वरखाली मारताना) पाण्याचा झोत खाली जातो आणि तळाची माती उठते. फ्रॉग किकमध्ये तो मागे जातो. मालवणकडे गाळाचं पाणी असतं तेव्हा मागून येणारे लोक तुम्हाला दुवा देतील.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, फक्त गुडघ्याचा मुद्दा राहिला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डाइव्हिंगही करते.

फ्रॉग किक पोटरीला आराम देते हे खरं, पण पाय रुंद फाकवून झटक्यात मिटले की गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांच्या तक्रारी तिथल्याच असतात. तेव्हा किक आखूड ठेवा : मांड्या एकमेकींजवळ, गुडघे वाकलेले, काम घोट्याकडून. किक मारून झाली की पाय स्थिर ठेवून सरकू द्या. घाई करू नका.

स्प्लिट फिन्सबद्दल जे ऐकलंय ते चुकीचं नाही. पातं मधून चिरलेलं, त्यामुळे विरोध कमी आणि हलक्या फ्लटर किकला गुडघ्या-घोट्यावर भार कमी पडतो. माझे काही पेशंट त्यावरच टिकून आहेत. पण स्प्लिट फिन्सने फ्रॉग किक पोकळ लागते आणि उलटं मागे सरकणं जवळजवळ जमत नाही. तुम्ही ॲडव्हान्स्ड करणार, तिथे जागच्या जागी वळणं, प्रवाळापासून मागे सरकणं शिकाल. म्हणून गुडघा सध्या जिन्यापुरताच कुरकुरत असेल तर स्प्लिट घेऊ नका. सूज येत असेल, अडकत असेल, तर फिन्सच्या आधी ऑर्थोपेडिकला दाखवा. हे मनापासून सांगते.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! गुडघा अडकत नाही, सूजही नाही, पण दाखवून घेते. स्ट्रॅप न लावता फिन हलवून बघायची युक्ती भन्नाट आहे, दुकानात कोणी सांगितली नव्हती.

जेट फिन्सचं मात्र राहिलं. आमच्या गटातल्या एकाने त्याची जुनी जोडी स्वस्तात द्यायची तयारी दाखवलीये, म्हणून मोह होतोय.

प्रतिसाद

जेट फिन्स मी बरीच वर्षं वापरतोय. स्कूबाप्रो कंपनी ते १९६० च्या दशकापासून विकतेय आणि अजून विकले जातात, यातच काय ते आलं. मोडत नाहीत. पण ते पाण्यात बुडतात आणि तिथेच तुमचा निर्णय आहे.

पुढच्या डाइव्हला सुरक्षित खोलीवर, तळापासून वर, इन्स्ट्रक्टरला सांगून एवढं करा. आडव्या व्हा, हात पुढे घ्या आणि काहीही न हलवता थांबा. पाय हळूहळू वर तरंगायला लागले तर जड फिन्स तुमच्या फायद्याचे : कमरेचं थोडं वजन पायाकडे गेल्यासारखं होतं. पाय खाली जाऊन तुम्ही उभ्या व्हायला लागलात तर जड फिन्स घेऊच नका. पाय खाली राहिले की प्रत्येक किक तुम्हाला पुढे न नेता वर ढकलते आणि हवा उगाच खर्च होते. हे बघताना सिलिंडर अर्धा तरी संपलेला असू द्या, कारण ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होताना हलका होत जातो आणि शरीराचा तोल बदलतो.

पातळ सूट आणि कोमट पाण्यात बहुतेकांचे पाय खालीच जातात. जेट फिन्स मुळात ड्रायसूटमध्ये (थंड पाण्यासाठीच्या, आत हवा असलेल्या सूटमध्ये) पाय तरंगणाऱ्यांना जास्त उपयोगी. शिवाय मोठ्या मापाची जोडी अडीच-तीन किलोपर्यंत जाते. देशांतर्गत विमानात १५ किलो सामान धरलं तर एवढं वजन फिन्सवरच घालवायचं का, ते बघा. आणि मित्राची जोडी त्याच्या पायाची असणार, तुमच्या ३७ नंबरला ती डुलेल. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका.

एका गोष्टीवर मात्र पैसे वाचवू नका : स्प्रिंग स्ट्रॅप (टाचेमागचा स्प्रिंगचा पट्टा). नेत्राणीला मुरुडेश्वरहून बोटीने जायचं आणि बोटीवरच चढायचं. बाहेर लाट असली की शिडी वरखाली होत असते. एका हाताने दोरी धरून दुसऱ्या हाताने फिन काढायचा असतो, तेव्हा बकल शोधत बसायला वेळ नसतो. स्प्रिंगमध्ये अंगठा घालून ओढलं की झालं. फिन्स वर दिल्यावरच शिडीवर पाय ठेवा, मास्क आणि रेग्युलेटर (तोंडातून हवा घ्यायचं साधन) बोटीवर पोचेपर्यंत काढू नका.

धागाकर्ती

कोर्सच्या वेळी माझे पाय खालीच जात होते, इन्स्ट्रक्टर सारखा हाताने खूण करायचा. म्हणजे जेट बाद. मित्राला आजच कळवते.

आता ठरवलंय : कडक तळव्याचे ३ मिलिमीटर बूट, मग ते घेऊन दुकानात जाऊन फ्रॉग प्लस आणि क्वाट्रो दोन्ही पायात घालून बघणार. नेत्राणीच्या आधी कुठे वापरून बघता येतील का? आमच्या इथल्या तलावावर फिन्स घालू देत नाहीत.

प्रतिसाद

तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सरावासाठी खोल तलाव आहे. आधी फोन करून विचारा, कोर्स चालू असले तर जागा मिळत नाही. तिथे गेलात तर पहिली दहा मिनिटं नुसती आखूड फ्रॉग किक मारा आणि बाहेर आल्यावर बूट काढून टाच बघा. लाल झाली असेल तर स्ट्रॅप एक खूण सैल करा. अंगठ्याचं नख दुखत असेल तर माप लहान आहे. म्हणून बिल जपून ठेवा आणि बदलून देणार का, हे विकत घेतानाच विचारून घ्या.