लांब ओळ आली की एडिटर अडतो: दोष ओळीचा की एडिटरचा?

मांडवीकाठ: गोव्यातल्या जुन्या मराठी वृत्तपत्रांची ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणं) झालेली पानं आम्ही पणजीत तपासतो. फाईल जेसन-लाइन्सची (दर ओळीला एक नोंद), म्हणजे एक पान ही एक ओळ. प्रत्येक शब्दासोबत पानावरची त्याची जागाही नोंदलेली, त्यामुळे ओळ लाखभर अक्षरांपुढे जाते. एक वेलांटी सुधारायला गेलं तरी एडिटरमध्ये (मजकूर सुधारायच्या प्रोग्रामात) कर्सर हलत नाही. माझ्या मते हा सरळसरळ एडिटरचा दोष आहे. पडद्यावर अक्षरं दिसतात थोडीशी; तेवढ्यासाठी अख्खी ओळ दर वेळी पहिल्यापासून मोजायची कशाला?

फोंडेकर: मला पटत नाही. बहुतेक एडिटर ओळ हेच एकक धरून बांधलेत आणि नेहमीच्या फाईलींना ते सोयीचंच आहे. विम हा एडिटर 3000व्या स्तंभानंतर मजकुराचे भाग ओळखू येण्यासाठीचे रंग देत नाही. व्हीएस कोड हा दुसरा एडिटर 20,000 अक्षरांहून लांब ओळ रंगवत नाही आणि 10,000 अक्षरांनंतरचा भाग दाखवतच नाही. या मर्यादा बदलता येतात. मोजक्या लोकांसाठी सगळ्यांच्या एडिटरात गुंतागुंत नको. जेक्यू या जेसन हाताळायच्या साधनाने फाईल अनेक ओळींत मोकळी करा, सुधारा, परत एका ओळीत बांधा.

मांडवीकाठ: फोंडेकरबाब, पुढचा मजकूर दिसलाच नाही तर मुद्रितशोधन कसलं? आणि रोज सोडा-बांधा करताना एक पान दोन नोंदींत तुटलं, तर ते शोधणार कोण?

तिसवाडी: मजकूर साठवण्यात अडचण नाही. व्हीएस कोडने 2018 साली पीस ट्री (मजकुराचे तुकडे झाडासारख्या रचनेत ठेवणं) आणला, ईमॅक्स या एडिटरचा गॅप बफर (मजकुरात मोकळी जागा राखणं) तर फार जुना. अक्षर घालणं दोन्हींत स्वस्त आहे. खर्च होतो तो दाखवण्यात: ओळ मोडणं, रंगवणं, कंसाची जोडी शोधणं. 2020च्या ईमॅक्स 27मध्ये लांब ओळ दिसली की जड सोयी बंद करणारा सो-लाँग आला. 2023च्या 29मध्ये मात्र मूळ चित्रणच सुधारलं, कर्सरच्या आसपासचाच भाग बघायचा. मागे अवतरणचिन्ह उघडलंय का हे कळत नसल्यानं कधी रंग चुकतो. मला तो सौदा मंजूर आहे.

फोंडेकर: इंग्रजीत सगळी अक्षरं एका रुंदीची असली की गुणाकार करून जागा कळते. देवनागरीत 'क्ष' म्हणजे तीन संकेत (क, हलन्त, ष) आणि आकार एक. पन्नास हजारावं अक्षर कुठे पडतं हे आधीचं सगळं जुळवल्याशिवाय कळणार नाही, आणि मध्येच कापलं तर जोडाक्षर फुटेल.

मांडवीकाठ: म्हणूनच स्पेसवर कापायचं! जोडाक्षर स्पेस ओलांडत नाही. तुकड्यातुकड्यांची रुंदी साठवा. एक शब्द बदलला तर तेवढाच तुकडा पुन्हा मोजा, बाकीच्यांची नुसती बेरीज. आणि हे फक्त लांब ओळींसाठी.

डिचोली: तुमची फाईल पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून निघते का? त्याचं जेसन मॉड्यूल काही सांगितलं नाही तर देवनागरीचा एकेक संकेत सहा अक्षरांत लिहितं. तसं लिहायला लावणारं एन्शुअर-आस्की बंद केलंत का? आणि शब्दांच्या जागा वेगळ्या फाईलीत ठेवता येतील.

मांडवीकाठ: ते बंदच आहे, नाहीतर वाचताच आलं नसतं. जागा वेगळ्या ठेवल्या आणि एक शब्द तोडून दोन केले, तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात. ते नको.

फोंडेकर: फॉन्ट किंवा झूम बदलला की साठवलेल्या सगळ्या रुंदी रद्द. तेव्हा अख्खी ओळ मोजावी लागेलच.

मांडवीकाठ: लागू दे. दिसणारे तुकडे आधी मोजा, उरलेले मागाहून. झूम मी क्वचित बदलते, अक्षरं सतत टाइप करते.