पुदिना वाळवताना काळा पडतो, मेथी पिवळी. संक्रांतीचं वाण द्यायचंय

गच्चीबाग_जळगाव:
यंदा वाणाला प्लास्टिकच्या डब्या नकोत. घरचा पुदिना आणि मेथी वाळवून छोट्या काचेच्या 20 बरण्या द्यायच्या आहेत. पण धुऊन गच्चीवर उन्हात टाकलं की पुदिना काळा पडतो, मेथी पिवळी पडून गवतासारखी वास मारते. काय चुकतंय? पाला किती लागेल? कोथिंबीरही वाळवू का?

मळेवाला_यावल:
ताई, चुका दोन आहेत. पुदिना काळा पडतो तो पाण्यानं. ओला पाला एकावर एक पडला की खालची पानं घामेजतात, चुरगळलेली तर सगळ्यात आधी काळवंडतात. मेथीचा पिवळेपणा मात्र उन्हाचा. रंगही जातो, वासाचं तेलही उडतं.

फुलोरा यायच्या आत, सकाळी दव वाळल्यावर खुडा. धुऊन झटका, सुती धोतरावर पसरून तासभर पंख्याखाली ठेवा, मग पानं सुटी करा. बाजेवर पातळ कापड टाकून सावलीत एकच थर द्या, म्हणजे विणीतून खालूनही हवा लागते. दिवसातून दोनदा हलक्या हातानं परता. हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, तीन-चार दिवस बहुधा पुरतात. दिवस मावळायच्या आत घरात घ्याच, नाहीतर रात्रीच्या दवानं पाला पुन्हा सादळतो.

वाळलं का ते पानावर ठरवू नका. पान कुरकुरीत लागतं आणि मधली शीर वाकते, म्हणजे आत ओल आहे. शीर कट्कन मोडली पाहिजे.

मसाल्याचा_डबा (धुळे):
किलोभर निवडलेल्या पाल्याचे वाळून साधारण 100 ते 125 ग्रॅम होतात. बरणीला 15 ग्रॅम धरले तर 300 ग्रॅम हवेत, म्हणजे तीन किलो पाला. जुड्यांच्या वजनावर जाऊ नका, बरंच वजन देठातच जातं.

वाळल्या दिवशीच वाणाच्या बरण्या भरू नका. आधी एका मोठ्या बरणीत निम्म्यापर्यंत भरून चार-पाच दिवस रोज सकाळी काच बघा. आतून धुकं धरलं तर लगेच काढून परत पसरा. बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका, वरवरचं काढून उरलेलं कुणाला देऊ नका.

परसबाग_नंदुरबार:
कोथिंबीर अजिबात नको, वाळली की वास उरत नाही. भरताला ताजीच लागते. ओव्याचं पान जाड आणि पाणीदार, तेही सोडा. कढीपत्ता मात्र जरूर वाळवा, शेंगदाण्याच्या चटणीत छान लागतो.

बरणीवर तारीख लिहा आणि मापही: ताजं तीन चमचे लागतं तिथे वाळलेलं एक. पानं अख्खीच भरा, चुरा केला की वास लवकर उडतो. मेथी मंद तव्यावर जेमतेम गरम करून तळहातावर चोळून शेवभाजी उतरवताना टाकायची, पुदिना ताकात.

गच्चीबाग_जळगाव:
मायक्रोवेव्हमध्ये चालेल का?

मळेवाला_यावल:
मूठभर असेल तर चालेल, 20-20 सेकंदांनी उघडून बघत. कडा करपायला वेळ लागत नाही आणि करपलेली मेथी कडूजहर लागते. तीन किलोला बाजच बरी.