फराळ, तारा आणि कवळी: दिवाळीत कोणी काय खायचं?

अमृततुल्य
दिवाळी दहा दिवसांवर आली. घरात तिघांच्या दातांचा प्रश्न आहे. मुलगा १३ वर्षांचा, वरखाली तारा. सासूबाई ७४, वर पूर्ण कवळी, खाली स्वतःचे सात दात, बीपीच्या गोळ्या चालू. मिस्टरांच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, कॅप दिवाळीनंतर बसणार आहे. कोणी काय टाळायचं? गोड कमी करून चिवडा-शेव वाढवलं तर बरं का? लाडू गुळाचे केले तर? आणि खाल्लं की लगेच ब्रश करायचा की नाही?

दंतकथा
आधी चिवडा. तिखट असला तरी दातांच्या हिशेबात तो गोडातच धरायचा. शिजलेल्या, भाजलेल्या पिठाची लाळेमुळे तोंडातच साखर व्हायला लागते, आणि पोह्यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसून राहतो. साखर निदान विरघळून जाते. दातांवरच्या चिकट थरातले जंतू या सगळ्याचं आम्ल करतात. पीएच म्हणजे आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळायला लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा ते एक तास लागतो.

आता टीपॉयवरचा उघडा डबा आठवा. येता-जाता मूठ. दर वीस मिनिटांनी मूठ गेली की लाळेला सावरायला उसंतच नाही. तीन लाडू एका बैठकीत संपवले तर दातांना मार एकदा, तेच सकाळ-दुपार-संध्याकाळ पुरवून खाल्ले तर तीनदा. वजनकाट्याचं गणित वेगळं, ते इथे नको. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्मच्या संस्थेत १९४० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. जेवणाबरोबरच्या साखरेने कीड थोडीच वाढली, मधल्या वेळेच्या चिकट टॉफीने भरमसाट. मतिमंद रुग्णांवर संमतीविना केलेला म्हणून तो प्रयोग आज बदनाम आहे, ते रास्तच.

म्हणून पदार्थ बदलण्याआधी डबा बंद करा. फराळ दिवसातून दोनदा, ताटलीत वाढून. गूळ, मध, खजूर यांनी जंतूंना काही फरक पडत नाही. खजूर तर उलट जास्त चिकटतो.

ब्रशचं म्हणाल तर अभ्यंगस्नानाआधी दात घासून मग फराळ, हा आपला क्रम उत्तम आहे. थर आधीच निघाला की आम्ल कमी तयार होतं. फराळानंतर खळखळून चूळ पुरे. रात्री झोपताना मात्र ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ फार कमी सुटते. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते बघा, ‘हर्बल’ पेस्टमध्ये बऱ्याचदा नसतं. घासून झाल्यावर फेस थुंका, पाण्याने चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड बेसिनमध्येच जातं.

मिस्टरांची दाढ मला सगळ्यात जास्त खटकते आहे. रूट कॅनाल झालेली, कॅप नसलेली दाढ वरून शाबूत दिसते, पण आतून पोखरलेली असते. चकलीचा कडक तुकडा किंवा सुपारीचं खांड नेमकं खाली आलं तर ती उभी चिरते. चीर मुळात गेली की काढण्यावाचून इलाज नाही. डॉक्टरांना आजच फोन करून कॅप दिवाळीआधी होईल का विचारा. नसेल तर त्या बाजूने काहीच चावायचं नाही, मऊसुद्धा.

ताराबाई
मुलाच्या तारांबद्दल. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा तुकडा, चिकटवलेलं असतं, कडक वस्तू पुढच्या दातांनी तोडली की सुटतं. चकली, कडक शंकरपाळी, बाकरवडी हाताने मोडून दाढेखाली द्यायची. चिक्की आणि पाकातले शेंगदाणे पूर्ण बंद. चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप काढून द्या.

ब्रॅकेट सुटलंच तर बहुतेक वेळा ते तारेवर लोंबकळत राहतं. ओढू नका. टोक टोचत असेल तर ऑर्थोचं (तारांसाठी मिळणारं) मेण मटारएवढं घ्या, बोटांत मळा, जागा कापसाने कोरडी करा आणि दाबून बसवा. ओल्यावर मेण टिकत नाही, बहुतेक तक्रारी त्याच असतात. रात्री तारेखालून इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) फिरवा. शेवेचा भुगा साध्या ब्रशने निघत नाही.

भाजणीचा_डबा
दात वाचवायचे तर कढईपाशीच वाचवा. चकली कडक होते ती मोहन कमी पडल्याने. वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल हवंच. दुप्पट घातलंत तर मात्र तेलात विरघळेल. रव्याच्या लाडवाला पाक एकतारीच. पुढे गेला की लाडू दगड होतो. झालाच तर फोडून कोमट दुधाचा हबका मारा, झाकून ठेवा आणि पुन्हा वळा. असे लाडू दोन-तीन दिवसांत संपवायचे.

सासूबाईंना बेसनाचा लाडू मऊ म्हणून देताना जपून, तो कवळीला वरून चिकटतो. अनारसा नकोच. खसखस कवळीखाली शिरते आणि हिरडी सोलते.

अमृततुल्य
धन्यवाद सगळ्यांना. सासूबाईंना लाडवाबरोबर लिंबू किंवा कोकम सरबत देते. ते चालेल? आणि सुट्टीत काही झालं तर काय करायचं?

दंतकथा
सरबत एका दमात प्यायला सांगा, घोट-घोट नको. दात आंबतात तेव्हा इनॅमल खरंच नरम झालेलं असतं, म्हणून आंबटानंतर अर्धा-पाऊण तास ब्रश नाही. खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये म्हणतात ते आंबटासाठी, लाडवासाठी नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि त्यांच्या हिरड्या सरकल्या असतील तर उघडी मुळं इनॅमलच्या आधी किडतात. फराळानंतर साधं पाणी, चीजचा तुकडा चालत असेल तर तोही. कवळी भांड्यात पाणी घेऊन त्यावर धरून धुवा, निसटली तर बेसिनवर आपटून फुटत नाही. पाणी गरम नको, कवळी वाकडी होते.

लक्ष्मीपूजन ते भाऊबीज पेठांतले बरेच दवाखाने बंद असतात. तुमच्या डॉक्टरांचा सुट्टीतला नंबर आत्ताच घेऊन ठेवा. कोणाची कॅप निघालीच तर डबीत जपा, फेविक्विक अजिबात नको. ठणका लागला तर लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन किडलेल्या खड्ड्यात ठेवा, हिरडीला लागला तर भाजतं. गालावर सूज आणि ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, यातलं काही दिसलं तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.