चार टाक्यांचा एमपीसी: दोन सेकंदांत गणित संपत नाही

चारटाकी:
एम.टेक.च्या प्रोजेक्टला कार्ल हेन्रिक योहानसन यांच्या २००० सालच्या पेपरातला चार टाक्यांचा सेटअप उभा केलाय. दोन पंप, दोन टाक्या वर, दोन खाली. खालच्या दोन्ही पातळ्या सांभाळायच्या. एमपीसी (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल: मॉडेलवरून पुढचं भाकीत करून दर वेळी पंपांचं सर्वोत्तम व्होल्टेज काढणारा कंट्रोलर) एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरवर चालतो, सॅम्पलिंग २ सेकंद, होरायझन (किती पुढचं पाहायचं ते) ४० पावलं. एरवी ठीक, पण सेटपॉइंट (हवी असलेली पातळी) बदलला की सॉल्व्हर (हे गणित सोडवणारा कोड) तीन-साडेतीन सेकंद घेतो आणि तोवर पंपांना जुनंच व्होल्टेज जात राहतं. काल वरची डावी टाकी भरून वाहिली, पाणी पार पॉवर सप्लायपर्यंत गेलं. रडूच आलं.

होरायझन १० करून पाहिलं, कंट्रोलर भलतंच वागतो. झडपांच्या गुणोत्तरांची (पंपाच्या पाण्यातला थेट खालच्या टाकीत जाणारा वाटा) बेरीज १ पेक्षा कमी ठेवलीय, म्हणजे बरंचसं पाणी वरच्या टाक्यांमधून फिरून खाली येतं. एक्स्प्लिसिट एमपीसी (सगळी उत्तरं आधीच काढून टेबलात ठेवायची) करू का?

रात्रपाळी:
एक्स्प्लिसिटच्या मागे लागू नका. ४ स्टेट (टाक्यांच्या पातळ्या), २ सेटपॉइंट, मागचे २ इनपुट, असे ८ पॅरामीटर झाले. इतक्यांत प्रदेशांची (टेबलातले भाग, प्रत्येकाचं सूत्र वेगळं) संख्या हाताबाहेर जाते. टेबल मेमरीत मावलं तरी आपण कुठल्या प्रदेशात आहोत हे शोधण्यातच वेळ जाईल.

तुमचा सेटअप नॉन-मिनिमम फेज आहे (इनपुट बदलला की पातळी आधी उलट दिशेला जाऊ शकते), त्याला लांबचं दिसायलाच हवं. प्रेडिक्शन ४० च राहू द्या. पंप किती वेळा बदलायचे ते कमी करा. आत्ता ४० पावलं गुणिले २ पंप, म्हणजे ८० चलं. त्याऐवजी पावलांचे गट पाडा: १, १, २, ४, ३२. बेरीज ४० च, पण चलं १०. फॅक्टरायझेशनचा (सॉल्व्हरमधलं मॅट्रिक्स फोडण्याचा) खर्च साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ चा घन किती, बघा. पातळीची बंधनंही प्रत्येक पावलावर नकोत, सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ ठेवा.

शून्यपूर्णांक:
कोडमध्ये डबल (६४ बिटांच्या दशांश संख्या) वापरलंय का? एफ४०७ चं एफपीयू (दशांश आकडेमोडीचं हार्डवेअर) फक्त सिंगल प्रिसिजनचं (३२ बिटांचं) आहे, डबलचा प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरमध्ये होतो. आणि सी मध्ये नुसतं ०.५ लिहिलं तरी ते डबलच. पुढे एफ लावायला विसरू नका. सिंगलवर येताना पातळ्या आणि व्होल्टेज ० ते १ मध्ये आणा, नाहीतर शेवटचे अंक हरवतात. मॉडेल एकच असेल तर हेशियनही (सॉल्व्हरच्या गणितातलं मुख्य मॅट्रिक्स) बदलत नाही, त्याचं फॅक्टरायझेशन लॅपटॉपवर करून फ्लॅशमध्ये ठेवा.

चारटाकी:
दोघांचेही मनापासून आभार! सगळं डबल होतं, आणि तीन ठिकाणी एफ राहिला होता. सॉल्व्हर सुरू होताना एक पिन वर, संपल्यावर खाली, असं करून ऑसिलोस्कोपवर मोजलं: सेटपॉइंट बदलतानासुद्धा ४० मिलिसेकंदांच्या आत. ३२ च्या गटामुळे पातळी जरा आळसावून वर चढत होती, म्हणून गट १, २, ४, ८, २५ केले.

एक भर माझ्याकडून. टाकी काठोकाठ असताना सॉल्व्हर ‘उत्तर नाही’ म्हणून परत यायचा. आता पातळीची वरची मर्यादा सॉफ्ट केलीय, ओलांडली तर जबर दंड. पंपांच्या मर्यादा मात्र कडकच ठेवल्यात.