मदत हवी आहे: रिमोट घरात चालतो, केळीजवळ नेला की मुका! शिंजीर पक्ष्याचा फोटो काढायचाय, आठच दिवस हातात आहेत

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. घर सावद्याला. मागे थोडी मोकळी जागा आहे, त्यात एक शेवगा, एक सीताफळ आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे तीन केळी. त्यातल्या एका केळीला घड पडलाय आणि खाली केळफूल लोंबतंय, म्हणजे आमच्याकडचं कमळ. त्याच्यावर रोज सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान शिंजीरची जोडी येते, नर असा जांभळा-काळा चमकतो की बस. उलटा लटकून चोच आत घालतो, दोन सेकंद, तीन सेकंद, की गेला. मी दिसलो की येतच नाही, साडी वाळत घातलेल्या दोरीमागे लपून पण पाहिलं.

म्हणून मावसभावाकडून घेतलेला जुना कॅनन ७००डी ट्रायपॉडवर, केळफुलापासून पाचेक फुटांवर लावला (लेन्स ५५-२५०) आणि एक बिननावाचा इन्फ्रारेड रिमोट मागवला, बटणाच्या सेलवर चालतो तो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो, कॅमेऱ्याच्या मागे वीस-बावीस फुटांवर. आता गंमत बघा. घरात, हॉलमध्ये, समोरून मागून कुठूनही दाबा, फोटो निघतो. बाहेर लावला की दहादा दाबलं तर एकदा खटॅक होतं. आणि निघालेच तर फोटोत नुसतं केळफूल, पक्षी उडून गेलेला! एकात फक्त शेपटी आलीये. वर सगळे फोटो काळपट, तेच सेटिंग ठेवून मी स्वतः डोळा लावून काढला तर चांगला येतो. ऑटोफोकस मध्येच पानाच्या कडेला धरतो ते वेगळंच.

मोड एव्ही (शटरचा वेग कॅमेराच ठरवतो तो), एफ/५.६, आयएसओ ४००. ड्राइव्ह मोड रिमोटवालाच ठेवलाय, ते नाही विसरलो.

घाई यासाठी की पप्पा म्हणे घड भरायचा तर कमळ कापावं लागतं, नाहीतर ताकद तिकडे जाते. हातापाया पडून आठ दिवस मागून घेतलेत. आईचं वेगळंच, तिचे बिबडे (ज्वारीचे पापड) खाटेवर वाळताय, ती काठी घेऊन चिमण्या-साळुंक्या हाकलते आणि म्हणते मी हाकलते अन् तू बोलावतो. मित्र म्हणतो शहाद्याकडे १९९७ ला वनपिंगळा (नामशेष झाला असं वाटलेलं घुबड) परत सापडला, तू हतनूर धरणावर तरी जा, परसात काय शिंजीर धरून बसला. पण मला हाच पाहिजे ना.

रिमोट खराब आहे का? दुसरा घेऊ का? की वायरवाला घ्यावा?

प्रतिसाद

रिमोट टाकू नका भाऊ, तुमची बसायची जागा चुकतेय. ७००डी ला रिमोटचा सेन्सर पुढे आहे, ग्रिपच्या बाजूला. तुम्ही मागून दाबताय. घरात चालतो कारण भिंतींवर आपटून किरण पुढे जातात, टीव्हीचा रिमोट कसा उलटा धरूनही चालतो तसं. परसात आपटायला काय आहे, केळीचं पान? त्यात ऊन. कंपनीचा रिमोट असला तरी त्याची रेंज पाच मीटरच्या आसपास आणि तीही समोरून, म्हणजे तुमचे बावीस फूट तसेही जास्तच. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला कुठे आडोसा असेल तर तिथे बसा.

आणि रिमोट उलटा करून बघा, बारीक सरकणारं बटण आहे का? एकीकडे टिंब, एकीकडे २ असं काही?

धागाकर्ता

आहे!! २ वर होतं. मला वाटलं दोन नंबरचा कॅमेरा निवडायचं असेल 🤦

प्रतिसाद

म्हणजे दोन सेकंदांनी फोटो निघतोय. तुमचा शिंजीर तेवढ्यात नाश्ता करून गेला.

प्रतिसाद

काळपट फोटोचं कारण मी सांगतो, मीही यात महिनाभर डोकं आपटलंय. सकाळी ऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर येतं ना? मग ते व्ह्यूफाइंडरमधून आत शिरतं, कॅमेऱ्याला वाटतं उजेड खूप आहे, तो फोटो काळा करतो. तुम्ही डोळा लावला की डोक्याने भोक झाकलं जातं म्हणून तेव्हा चांगला येतो. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक चौकोनी रबरी तुकडा अडकवलेला असतो बघा, तो याचसाठी. नसेल तर काळी चिकटपट्टी. त्यापेक्षा सरळ मॅन्युअल मोड करा, शटर १/१००० आणि एफ/८, आयएसओ ८०० पासून सुरू करून उजेडाप्रमाणे वाढवा. फोकस पण मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) मोठं करून जी पाकळी उघडलीय तिच्या कडेवर. ऑटोफोकसच्या वन शॉट मोडमध्ये फोकस लागला नाही तर कॅमेरा फोटोच काढत नाही, तुमचे दहातले काही त्यातही गेले असतील.

फक्त रोज सकाळी फोकस नव्याने लावायचा बरं का. कमळाचा दांडा वाढतो, टोक खाली सरकतं, आणि कालची पाकळी गळून दुसरी उचललेली असते.

प्रतिसाद

काय भो, वायरवाला कर ना. ७००डी ला अडीच मिलिमीटरचा जॅक लागतो. टोक म्हणजे शटर, मधली कडी फोकस, मागचा भाग अर्थिंग. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तीन तारांची दहा मीटर वायर जोडून घे आणि दाराच्या बेलचं साधं बटण लाव. ते बटण घरातल्या विजेच्या बोर्डाला जोडू नको फक्त, कॅमेरा जाईल! मी फोकस आणि शटर एकाच बटणाला जोडून टाकले, मॅन्युअल फोकसला चालून जातं. इन्फ्रारेडने एका दाबाला एकच फोटो, वायरने कंटिन्युअसवर ठेवून दाबून धरलं की सेकंदाला पाच. ऑटो पॉवर ऑफ बंद कर. आणि दोन दिवस आधीपासून ट्रायपॉडवर बारदान गुंडाळलेला डबा ठेव, सवय होते त्यांना. जवळपास घरटं दिसलं तर मात्र तिकडे कॅमेरा वळवू नको.

धागाकर्ता

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. वायर भुसावळला करायला टाकलीये, परवा मिळेल. तोवर शेवग्याच्या आडोशाला बसून, टिंबावर करून, चिकटपट्टी लावून आज सकाळी बसलो. तेरा फोटो निघाले, एकही काळा नाही. नर दोनमध्ये आलाय, एकात चोच पाकळीत आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका. शार्प आहे का मोबाईलवर कळत नाहीये, लाइट आली की कॉम्प्युटरवर बघून टाकतो.

पप्पांनी फोटो पाहिला. म्हणे, घडाच्या वरच्या फण्या पण घ्यायच्या होत्या ना.