होटगी रस्त्याच्या विमानतळावरून आईला प्रथमच विमानाने न्यायचे आहे

प्रश्न (दक्षिण कसबा)

नमस्कार. माझी आई 74 वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला आहे. मुंबईला आम्ही आजवर सिद्धेश्वर एक्सप्रेसने जात आलो, परंतु रात्रभर गाडीत अवघडून पडणे तिला आता सोसत नाही, म्हणून येत्या महिन्यात सोलापूरहूनच विमानाने जायचे ठरवले आहे. नूतनीकरण झालेली टर्मिनल इमारत मी बाहेरूनच पाहिली आहे. आत किती चालावे लागते आणि विमानात चढण्याची व्यवस्था कशी आहे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. बहिणीसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायचा आईचा आग्रह आहे. ते चालते का?

उत्तर 1 (आसरा चौक)

दिवाळीनंतर मी सासऱ्यांना घेऊन याच विमानाने गेलो होतो. टर्मिनल लहान आहे आणि आपल्या मातोश्रींच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे. दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आत गेलात की बोर्डिंग पास, सामान, सुरक्षा तपासणी आणि बसण्याची जागा हे सर्व थोडक्या अंतरात उरकते. मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर जेवढे चालावे लागते, त्याच्या मानाने हे काहीच नाही. खाण्यापिण्याच्या मोठ्या दुकानांची अपेक्षा मात्र ठेवू नये. घरून जेवून निघावे.

खरी कसोटी त्यापुढे आहे. येथे विमानाच्या दाराला जोडणारा पूल नाही. मुंबईचे विमान 76 आसनांचे एम्ब्रेअर जेट असून त्याचे दार उंचावर असते, त्यामुळे बाहेरून लावलेला जिना चढावा लागतो. गोव्याला जाणाऱ्या एटीआर विमानाचे दार बरेच खाली असते, तेथे मोजक्याच पायऱ्या असतात. सासरे चौथ्या पायरीवर थांबले, उन्हाने तापलेला कठडा त्यांना धरवेना, मागे रांग खोळंबली आणि ते संकोचून गेले. चूक माझीच होती. मी व्हीलचेअर मागितली होती, पण ‘जिना चढता येत नाही’ हे सांगितले नव्हते. केवळ लांब चालता न येणारा प्रवासी आणि पायऱ्याही चढता न येणारा प्रवासी यांची नोंद विमान कंपन्या वेगवेगळी करतात. हे निदान 48 तास आधी कळवावे आणि वर चढवण्याची कोणती सोय करणार, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

उत्तर 2 (सात रस्ता)

मी तिकिटांचे काम करतो, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो. सांधा धातूचा असल्याने तपासणीच्या चौकटीतून जाताना घंटी वाजेल. आईंनी घाबरून न जाता तेथील महिला कर्मचाऱ्यास आधीच सांगावे आणि शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवावा. चटणीत लाल तिखट असते, म्हणून ती घट्ट बांधून मोठ्या सामानात द्यावी. हातातल्या पिशवीत तिखट अडवतात. कडक भाकरी खुशाल हातात न्यावी. पॉवर बँकेचे उलट आहे, ती मोठ्या सामानात अजिबात ठेवू नये.

उत्तर 3 (होटगी)

वरील माहिती योग्य आहे. एक मात्र नोंदवावेसे वाटते, की ही सोय आपल्याला सहज मिळालेली नाही. किंगफिशर विमान कंपनीची मुंबई सेवा बंद पडल्यावर येथे अनेक वर्षे नियमित प्रवासी विमान नव्हते. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली, तेव्हा कारखान्यावर पोट असलेल्या आमच्या भागातील कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. नूतनीकृत टर्मिनलचे उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले, परंतु गोव्याचे पहिले विमान 9 जून 2025 रोजी आणि मुंबईचे 15 ऑक्टोबर 2025 रोजी उडाले. वर्षाला सुमारे 4.1 लाख प्रवाशांसाठी ही इमारत सज्ज केली आहे. एवढी किंमत मोजून मिळालेल्या विमानतळावर वृद्ध माणसाला जिन्यावर अडखळावे लागू नये. त्यामुळे प्रवास झाल्यावर जे कमी वाटेल ते आपण लेखी कळवावे, ही विनंती.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज तिकीट काढताना पायऱ्या चढता येत नसल्याची नोंद करून घेतली आहे. चटणी मोठ्या बॅगेत जाईल, हे आईने मान्य केले. भाकरीचा डबा मात्र ती स्वतःच्या मांडीवरच ठेवणार आहे. परत आल्यावर जिन्याच्या सोयीविषयी येथे लिहितो आणि लेखी सूचनाही देतो.