शब्दचर्चा : पंचांच्या निर्णयातलं ‘सातत्य’

शाईची_दौत :
एका क्रीडा त्रैमासिकासाठी एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या पंचगिरीवरचा लेख मराठीत करते आहे. फाऊल (धक्का, ओढाताण) आणि ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून जास्त पावलं टाकणं) यांच्या बाबतीत एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा असं का होतं, हा विषय. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं, ‘प्रेक्षकांचं म्हणणं एवढंच, की पंचांच्या निर्णयांत सातत्य हवं.’ संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं : ‘म्हणजे पंचांनी सारखी शिट्टी वाजवत राहायचं का?’ आधी राग आला, मग पटलं. आता काय लिहू?

दुसरी अडचण त्याहून मोठी. २०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. त्यात प्रत्येक प्रसंगाला चारांपैकी एक शेरा असतो : शिट्टी वाजली ते बरोबर, वाजली ते चूक, वाजली नाही ते बरोबर, वाजली नाही ते चूक. न वाजलेल्या शिट्टीला मराठीत नाम काय? ‘अनिर्णय’ म्हटलं तर पंचांना काही ठरवता आलं नाही असा अर्थ होतो. इथे तर बऱ्याचदा त्यांनी ठरवूनच शिट्टी वाजवलेली नसते.

तळ्याकाठी :
सातत्य राहू दे ताई. ‘फलंदाजीत सातत्य’ आपण रोज वाचतो, त्यातून कुणी ‘सतत बॅट फिरवतो’ असं समजत नाही. शब्द रुळला की त्याचं मूळ कुणी उकरत बसत नाही.

बारा_बलुती :
इथे उकरायलाच हवं. सतत म्हणजे सलग ताणलेलं. त्यात ‘तन्’ धातू आहे, तंतूमधला. फलंदाजाचं सातत्य त्याच्या एकट्याचं, डावामागून डाव ताणलेला एक धागा. एनबीएच्या मैदानावर पंच तीन असतात. एकाने पहिल्या क्वार्टरमध्ये जे धरलं तेच चौथ्यातही धरलं, तर त्याला सातत्य म्हणा. पण कोपऱ्यातल्या पंचाला जो धक्का फाऊल वाटला तो मधल्याला वाटला नाही, तिथे हवी ती एकवाक्यता. आणि नवख्याला लागणारा नियम नावाजलेल्या खेळाडूला लागत नसेल, तर हे दोन्ही शब्द निरुपयोगी. ‘कन्सिस्टन्सी’ या एका शब्दात हे तिन्ही कोंबायला इंग्रजीला चालतं, आपण का कोंबावं?

शिट्टीमास्तर :
मी बावीस वर्षं पंच म्हणून आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने दिले. खेळाडू ‘सातत्य’ कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘मघाशी सोडलंत ना सर?’ सगळा वाद त्या ‘मघाशी’त आहे.

एका सामन्यात शेवटचं मिनिट चालू असताना मी पाहुण्या संघाच्या मुलीवर ट्रॅव्हलिंग दिलं. लेअपला, म्हणजे धावत बास्केटखाली जाऊन चेंडू टाकायला जाताना तिने चेंडू धरला, दोन पावलं टाकली आणि बोर्डाखाली तिसरं घसरलं. शिट्टी बरोबरच होती. गुणलेखकाच्या टेबलाशी बसलेली एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, ‘मघाशी त्या ताईने पण असंच केलेलं.’ ती ताई म्हणजे यजमान संघाची कर्णधार. पोरीचं खरं होतं. घरच्या मुलीचं तिसरं पाऊल मी पाहिलं होतं आणि खेळ रंगात आलाय म्हणून सोडलं होतं. तेव्हापासून सामन्याला जाताना ते वाक्य माझ्याबरोबर असायचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आम्ही फाऊल ‘धरतो’ किंवा ‘सोडतो’. न वाजलेली शिट्टी म्हणजे सोडलेला फाऊल.

बारा_बलुती :
मास्तर, ‘सोडलेला फाऊल’ म्हटलं की फाऊल झाला होता हे गृहीतच धरलं जातं. अहवालातल्या चौथ्या शेऱ्याला तो चपखल आहे. तिसऱ्याला, म्हणजे वाजली नाही ते बरोबर, याला कसा चालेल? तिथे सोडण्याजोगं काही नव्हतंच.

शिट्टीमास्तर :
तिथे ‘खेळू दिलं’.

शाईची_दौत :
‘खेळू दिलं’ आवडलं. पण ते क्रियापद झालं. मला तक्त्याच्या रकान्यात बसेल असं नाम हवंय.

न्यूजर्सीची_आत्या :
मी राहते तिथून सिकॉकस जवळ आहे. एनबीएचं रिप्ले सेंटर, जिथे पडद्यावर प्रसंग पुन्हा पाहून निर्णय तपासतात, ते २०१४ पासून तिथेच आहे. इतके पडदे आणि इतके डोळे असूनही २८ जानेवारी २०२३ ला बॉस्टनमध्ये काय झालं ते सांगते. लॉस एंजेलिसचा लेकर्स आणि बॉस्टनचा सेल्टिक्स हे संघ १०५-१०५ असे बरोबरीत, नियमित वेळेचे शेवटचे क्षण. लेकर्सचा लेब्रॉन जेम्स लेअपला गेला, सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर पडला, चेंडू आत गेला नाही, शिट्टी वाजली नाही. लेब्रॉन गुडघ्यांवर बसला, डोकं जमिनीला टेकवलं. त्याचा साथीदार पॅट्रिक बेव्हर्लीने एका छायाचित्रकाराचा कॅमेरा आणून पंचांना फोटो दाखवला. त्याबद्दल टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाची शिक्षा) मिळाला तो बेव्हर्लीलाच. जादा वेळेत सेल्टिक्स १२५-१२१ ने जिंकले आणि नंतर पंचांनी चूक मान्य केली. तेव्हाच्या नियमात वाजलेल्या शिट्टीवर दाद मागता यायची, न वाजलेल्यावर नाही. म्हणून ताईंचा तो रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो.

‘स्टार’ खेळाडूंना झुकतं माप मिळतं म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. माझी आजी तुपाची तामली घेऊन पंगतीत फिरायची, तेव्हा जावयाच्या पानावर धार जरा रेंगाळायची. शेवटच्या पानापर्यंत तूप पोचायचं, पण थेंब मोजूनच. सगळ्यांना दिसायचं, बोलायचं कुणी नाही.

मात्र ओरड ज्याच्या नावाने होते, त्या लेब्रॉनलाच त्या रात्री हक्काचा फाऊल मिळाला नाही, हेही लिहा.

नागपाड्याचा_गार्ड :
फाऊलवर एवढं बोलताय, ट्रॅव्हलिंग कुठे राहिलं? मुंबईच्या नागपाड्यात आम्ही ‘स्टेप्स!’ ओरडायचो. ट्रॅव्हलिंग हा शब्द नियमपुस्तक हातात आलं तेव्हा कळला. आणि कृपा करून लेखात ‘ट्रॅव्हलिंगचा फाऊल’ लिहू नका. ट्रॅव्हलिंग फाऊल नाही. चेंडू समोरच्याला जातो, कुणाच्या नावावर काही चढत नाही. फाऊल माणसाच्या नावावर चढतो. एनबीएत सहाव्याला बाहेर, आपल्याकडे पाचव्याला.

लोकांना ट्रॅव्हलिंगमध्ये अन्याय दिसतो तो बहुतेक वेळा मोजणी कुठून सुरू करायची यामुळे. एनबीएने २००९ मध्ये दोन पावलं नियमात स्पष्ट लिहिली. आंतरराष्ट्रीय नियमात २०१७ मध्ये शून्य पाऊल आलं, म्हणजे चेंडू हातात येताना जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नाही. २०१९ मध्ये एनबीएने ‘गॅदर’ची व्याख्या सविस्तर मांडली. चेंडूला दोन्ही हात लागले, किंवा एक हात खाली जाऊन चेंडू थांबला, की तो गॅदर. पावलं त्यानंतर मोजायची. टीव्हीसमोर बसलेला माणूस ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) संपायच्या आधीपासूनच मोजत असतो, म्हणून त्याची तीन-चार भरतात.

माझा शब्द घ्या : आवरणे. चेंडू आवरला की पावलं मोजा. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या ब्रॅडली बीलने डेट्रॉइटविरुद्ध इतकी पावलं टाकली की जगभर ओरड झाली. पंचांच्या अधिकृत खात्यावरून खुलासा आला, की मध्ये चेंडू हातून निसटला होता, त्याने तो परत घेतला, सबब नियमात आहे. निसटला, परत आवरला. मराठीत किती सहज सांगता येतं!

ऋजुता_व्याकरण :
‘आवरणे’ सुंदर. पण मग फाऊल, ट्रॅव्हलिंग हे शब्द तरी कशाला ठेवायचे? फाऊलला ‘आगळीक’ म्हणा. जुन्या मराठीत आगळा म्हणजे अधिक. मर्यादेपलीकडे अधिक वागला ती आगळीक. ट्रॅव्हलिंगला ‘पदातिक्रम’.

नागपाड्याचा_गार्ड :
पदातिक्रम मैदानावर ओरडून होईपर्यंत बास्केट पडलेली असेल. ‘स्टेप्स’ला पन्नास वर्षांचा घाम लागलाय. तो शब्द आता आमचा आहे.

ऋजुता_व्याकरण :
कबड्डीत चढाई, पकड, लोण हे शब्द दम लागलेली पोरंच ओरडतात ना? बास्केटबॉलला शब्द मिळाले नाहीत कारण आपण दिलेच नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बारा_बलुती :
आगळीकला माझा पाठिंबा. फाऊल म्हणजे मुळात घाण, कुजलेलं. जखमेतला आपला ‘पू’ आणि तो ‘फाऊल’ एकाच मूळ धातूपासून आलेले. ओढताना हात लागला तर त्याला कुजलेलं कशाला म्हणायचं? आणि आत्या, ‘पंक्तिप्रपंच’मध्ये ‘पंच’ लपलाय पाहा.

ऋजुता_व्याकरण :
तो पंच वेगळा. प्रपंच म्हणजे पसारा, विस्तार. गावचे पंच पाच या आकड्यावरून. जोडू नका.

शिट्टीमास्तर :
पंचांवरून आठवलं. बास्केटबॉल ज्याने काढला त्या जेम्स नायस्मिथच्या १८९१ च्या तेरा नियमांत अधिकारी दोन होते. अंपायर माणसांचा न्याय करायचा, फाऊल मोजायचा. रेफरी चेंडूचा न्याय करायचा. पण फाऊल आणि ट्रॅव्हलिंगची वाटणी तेव्हा नव्हती, चेंडू घेऊन पळणं हाही फाऊलच धरला जायचा. चेंडू घेऊन पळायचं नाही, असा नियम त्याने केला, आणि त्याच नियमात वेगात असताना चेंडू झेललेल्या खेळाडूला थांबण्यापुरती सवलतही दिली. ती सवलत किती पावलांची, हाच तर आजचा वाद. आपल्या कबड्डीत-खो-खोत सरपंच आणि पंच असतात, तसे शब्द इथे का वापरत नाहीत?

तळ्याकाठी :
मास्तर, मग ज्या पायावर गरकी घेतात त्या पिव्हट पायाला काय म्हणायचं? मी ‘खुंट्याचा पाय’ म्हणतो.

न्यूजर्सीची_आत्या :
खळ्यात मधोमध मेढ रोवतात ना, तिच्याभोवती बैल फिरतात. ‘मेढीचा पाय’ म्हणा. मेढ हलली की मळणी थांबली.

शाईची_दौत :
लेख शुक्रवारी द्यायचा आहे. ‘सगळ्यांना एकच माप’ असं लिहून पहिला परिच्छेद बदलला. चौथा रकाना ‘सोडलेला फाऊल’. तिसरा अजून रिकामा आहे. कुणी सुचवाल का?

बारा_बलुती :
आमच्याकडे मेढ नाही, तिवडा म्हणतात. आत्या, तुमचं गाव कुठलं?